यंत्राची साक्ष

14 एप्रिल 2000 रोजी इंग्लंडच्या पुरावा कायद्यातलं एक कलम निघालं. 1984च्या पोलीस आणि फौजदारी पुरावा कायद्यातलं ते 69वं कलम. संगणकातून निघालेला कागद फौजदारी खटल्यात पुरावा म्हणून पुढे करायचा असेल, तर तो संगणक त्या काळात नीट चालत होता हे पुरावा आणणाऱ्याने आधी दाखवून द्यावं, एवढंच त्यात म्हटलं होतं. ते जाताना कोणाला फारसं वाईट वाटलं नाही. उलट सुटलो एकदाचे, अशीच वकिलांची आणि न्यायाधीशांची भावना होती.

त्यांच्या वैतागाला कारण होतं. मार्क्स अँड स्पेन्सरच्या दुकानातून माल उचलल्याच्या एका साध्या खटल्यात गल्ल्याच्या यंत्रातून निघालेल्या पट्ट्या पुरावा म्हणून चालतात का, हा वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला होता. दुकानातल्या माहीतगार नोकराने यंत्र ठीक असल्याचं सांगितलं तरी पुरे, असं तिथे ठरलं. नंतर 1997 साली दारू पिऊन गाडी चालवल्याचा खटला आला. श्वास तपासणाऱ्या यंत्राचं घड्याळ तासाभराहून जास्त चुकलेलं निघालं आणि तेवढ्यावर आरोपीच्या वकिलाने सगळा पुरावाच बाद ठरवायला सांगितलं. न्यायाधीश लॉर्ड हॉफमन यांनी ते मानलं नाही. घड्याळ चुकलं म्हणून श्वासातल्या दारूचं प्रमाण चुकत नाही, हे त्यांचं म्हणणं रास्तच होतं. पण जाता जाता ते आणखी एक वाक्य बोलून गेले. संगणक नीट चालतोय की नाही हे कळायला इलेक्ट्रॉनिक्सचं ज्ञान लागत नाही, हे सर्वांना ठाऊकच आहे, अशा अर्थाचं. त्याच वर्षी विधी आयोगाने 69वं कलम काढून टाकण्याची शिफारस केली, 1999च्या कायद्याने ती मान्य केली आणि कलम गेल्यावर जुनं सामान्य कायद्याचं गृहीतक मोकळं झालं. उलट पुरावा समोर येईपर्यंत यंत्र ठीक चालत होतं असंच कोर्टाने धरून चालायचं.

हा उलट पुरावा असतो कोणाकडे, हा प्रश्न त्या वेळी कोणी नेटाने विचारला नाही. ज्याचं यंत्र, त्याच्याच कपाटात तो असतो. पुढची वीस वर्षं ब्रिटनमधल्या शेकडो पोस्टमास्तरांनी या न विचारलेल्या प्रश्नाची किंमत मोजली.

योगायोग असा की नेमक्या त्याच महिन्यांत ब्रिटनच्या पोस्टाच्या खिडक्यांवर नवे संगणक बसत होते. प्रणालीचं नाव होरायझन. आयसीएल या ब्रिटिश कंपनीने ती बांधली. कंपनीची मालकी जपानच्या फुजित्सूकडे होती आणि पुढे 2002 साली तिचं नावही तेच झालं. मुळात 1996 साली सरकारी भत्ते आणि पेन्शन कार्डावर वाटण्यासाठी ही योजना आखली होती. ती रखडली, खर्च वाढत गेला आणि मे 1999 मध्ये कार्डाचा भाग रद्द झाला. उरलेला सांगाडा पोस्टाच्या गळ्यात पडला. एवढा पैसा गेल्यावर प्रणाली निकामी आहे असं म्हणायला कोणीच तयार नव्हतं.

ब्रिटनमधली पोस्टं आपल्यासारखी सरकारी कचेरीत नसतात. बहुतेक ठिकाणी गावातल्या किराणा दुकानाच्याच एका कोपऱ्यात काचेची खिडकी असते. सबपोस्टमास्तर हा पगारी नोकर नव्हे. तो स्वतःचे पैसे घालून दुकान घेतो आणि पोस्टाशी करार करून कमिशनवर काम करतो. गावातल्या म्हाताऱ्यांची पेन्शन त्याच्या हातून जाते, त्यामुळे त्याला मान असतो. भारतीय, पाकिस्तानी आणि पूर्व आफ्रिकेतून आलेल्या गुजराती कुटुंबांनी हा व्यवसाय मोठ्या संख्येने पत्करला. घरातली सगळी माणसं राबू शकतात, मुलं त्याच गावातल्या शाळेत जातात आणि डोक्यावर छप्पर बहुधा दुकानाच्या वरच्याच मजल्यावर असतं.

बुधवारी संध्याकाळी आठवड्याचा ताळा जमवायचा असे. दार लावून नोटा मोजायच्या, नाणी मोजायची, तिकिटांचे ताव, पेन्शनची कागदपत्रं, सगळं मोजून यंत्रात भरायचं. यंत्र मग सांगणार, तुमच्याकडे इतके पाउंड असायला हवेत. वही-पेन्सिलीच्या जमान्यात रक्कम जुळली नाही तर माणूस मागे जाऊन नोंदी चाळायचा, कुठे सातचा एक झालाय ते शोधून काढायचा. होरायझनमध्ये मागे जाऊन पाहण्याची सोय तुटपुंजी होती. आकडा समोर दिसे, तो कुठून आला ते दिसत नसे. 2005 सालापासून हिशेब महिन्याचा झाला आणि वादातली रक्कम तात्पुरती बाजूला टाकून ठेवण्याची सोयही काढून घेण्यात आली. आता पोस्टमास्तरापुढे तीनच वाटा उरल्या. तूट खिशातून भरा, ती हप्त्याने फेडायचं कबूल करा, किंवा रोकड जुळली असं खोटंच लिहून सही करा. सही केल्याशिवाय दुसऱ्या दिवशी खिडकी उघडता येत नव्हती. ज्यांनी तिसरी वाट धरली, त्यांच्यावर खोटे हिशेब ठेवल्याचा गुन्हा आपोआप बसला.

हॅम्पशरमधल्या साउथ वॉर्नबरो या छोट्या गावात जो हॅमिल्टन पोस्ट आणि दुकान चालवत. दोन हजार पाउंडांची तूट दिसली म्हणून त्यांनी मदतकेंद्राला फोन लावला. पलीकडून जी बटणं दाबायला सांगितली ती त्यांनी दाबली आणि डोळ्यांदेखत तूट दुप्पट झाली. असं करत करत आकडा 36 हजारांवर गेला. त्यांनी घर गहाण टाकलं. चोरीचा आरोप मागे घेतो, त्याबदल्यात खोट्या हिशेबाचा गुन्हा कबूल करा आणि पैसे भरा, असा सौदा पुढे आला. तुरुंग टाळण्यासाठी 2008च्या सुमारास त्यांनी तो स्वीकारला. गावकऱ्यांनी वर्गणी काढून पैसे जमवले आणि शिक्षेच्या दिवशी ते कोर्टात येऊन बसले. त्या गावाला आपली पोस्टमास्तरीण चोर वाटली नाही. कोर्टाला मात्र कबुलीजबाब पुरला.

फोनवर जवळजवळ प्रत्येकाला एकच उत्तर मिळे. असा त्रास फक्त तुम्हालाच होतोय, बाकी कोणाची तक्रार नाही. हे धडधडीत खोटं होतं. स्कॉटलंडमधल्या फॉल्कर्क इथल्या कॅलेंडर स्क्वेअर शाखेच्या नावाने ओळखला जाणारा दोष 2000 सालापासून होता. एका खिडकीवरून दुसऱ्या खिडकीकडे दिलेली रक्कम त्या दोषामुळे दोनदा नोंदली जाऊ शकत होती. फुजित्सूच्या लोकांना तो ठाऊक होता. तो दूर व्हायला 2006 उजाडलं.

तूट दिसली की पोस्टाचे तपासनीस येत. इंग्लंडच्या कायद्यात कोणीही खाजगी फिर्यादी होऊन फौजदारी खटला चालवू शकतो आणि पोस्टाकडे स्वतःचं तपासखातं, स्वतःचे वकील होते. म्हणजे ज्याचे पैसे गेले म्हणतात तोच तपास करणार, खटला भरायचा की नाही हे तोच ठरवणार, सौदा तोच करणार आणि शिक्षा झाल्यावर गुन्ह्याची मिळकत म्हणून घरावर टाचही तोच आणणार. सुमारे पंधरा वर्षांत 900हून जास्त पोस्टमास्तर दोषी ठरले. त्यांतले सुमारे 700 खटले पोस्टाने स्वतः चालवले. दर वर्षी इतके सज्जन शेजारी एकाएकी चोर कसे होतात, हा साधा प्रश्न एकाही न्यायाधीशाला पडला नाही, कारण प्रत्येक खटला वेगळ्या शहरात, वेगळ्या कोर्टात, एकेकट्या माणसाविरुद्ध उभा राहत होता. तपासखात्याच्या कागदपत्रांत संशयितांची वर्णावरून वर्गवारी करण्याचे कोड होते. आफ्रिकी वंशाच्या माणसांसाठी वसाहतकाळातला अपमानास्पद शब्द त्यात तसाच वापरलेला होता. भारतीय-पाकिस्तानी लोकांचा रकानाही वेगळा होता. हे कागद 2023 साली बाहेर आले.

या काळातला एक दिवाणी निकाल मला फौजदारी खटल्यांइतकाच भयंकर वाटतो. यॉर्कशरच्या ब्रिडलिंग्टनमधले ली कॅसलटन यांनी तूट दिसू लागल्यावर मदतकेंद्राला 91 वेळा फोन केले. तरीही तूट सुमारे 25 हजार पाउंडांवर गेली. पोस्टाने त्यांच्यावर हायकोर्टात दावा लावला. वकील परवडेना म्हणून ते स्वतःच उभे राहिले. जानेवारी 2007 मध्ये निकाल त्यांच्या विरोधात गेला. हिशेबाच्या कागदावर तुमची सही आहे, तेव्हा तो चुकीचा आहे हे सिद्ध करायची जबाबदारीही तुमचीच, असा त्या निकालाचा रोख होता. प्रणालीच्या आतल्या नोंदी ज्याने कधी पाहिल्याच नाहीत, त्याने त्या चुकीच्या असल्याचं सिद्ध कशाच्या जोरावर करायचं? 3 लाख 21 हजार पाउंडांचा दावाखर्च त्यांच्यावर बसला आणि त्यांचं दिवाळं निघालं. पंचवीस हजारांच्या वसुलीसाठी पोस्टाने एवढा खर्च का केला, हे पुढे या प्रकरणाच्या सरकारी चौकशीत उघड झालं. बाकीच्यांना दहशत बसावी म्हणून.

पावणेचार वर्षांनी, ऑक्टोबर 2010 मध्ये, गिल्फर्डच्या क्राउन कोर्टात सीमा मिश्रा यांचा खटला उभा राहिला. सरे परगण्यातल्या वेस्ट बायफ्लीटचं पोस्ट त्यांनी 2005 साली घेतलं होतं. खोट्या हिशेबाचे आरोप त्यांनी मान्य केले होते. चोरी मात्र त्यांनी ठाम नाकारली. त्यांच्या बाजूने संगणकतज्ज्ञ होता, प्रणालीच्या आतल्या नोंदी मागितल्या जात होत्या आणि त्या पुरेशा मिळत नव्हत्या. तेवढ्यासाठी खटला थांबवावा ही मागणी फेटाळली गेली. फुजित्सूचा एक ज्येष्ठ अभियंता साक्षीला आला. पोस्टाची बाजू मांडणाऱ्या वकिलाने ज्यूरीला सांगितलं की प्रणाली मजबूत आहे आणि खरंच काही बिघाड असता तर तो ती वापरणाऱ्या बाईंच्या लक्षात आल्याशिवाय राहिला नसता. लॉर्ड हॉफमन यांचं 1997चं ते सहज उच्चारलेलं वाक्य आता एका बाईच्या तुरुंगवासाचं कारण झालं होतं.

ज्यूरीने 74 हजार पाउंडांच्या चोरीबद्दल त्यांना दोषी ठरवलं. 11 नोव्हेंबर 2010 रोजी 15 महिन्यांची शिक्षा झाली. त्या दिवशी त्यांच्या मुलाचा दहावा वाढदिवस होता आणि त्या आठ आठवड्यांच्या गरोदर होत्या. शिक्षा ऐकून त्या कोर्टातच कोसळल्या. निकाल लागल्यावर पोस्टाच्या एका वकिलाने सहकाऱ्यांना जो ईमेल पाठवला, तो पुढे जाहीर झाला आहे. होरायझनवरचा हल्ला आपण परतवून लावला आणि आता इतर लोक त्या वाटेला जाणार नाहीत अशी आशा, असा त्याचा सूर होता. तो ईमेल वाचताना आजही संताप येतो. एका कुटुंबाची राखरांगोळी झाल्याचा त्यात उल्लेखसुद्धा नाही.

हा सगळा एकेकट्या माणसांचा गुंता एकत्र आणला तो नॉर्थ वेल्समधल्या लॅन्डडनोच्या ॲलन बेट्स यांनी. 1998 साली त्यांनी क्रेगीडॉनचं पोस्ट घेतलं. तूट दिसली तेव्हा त्यांनी पैसे भरले नाहीत आणि खोटी सहीही केली नाही. प्रत्येक नोंदीचा कागद जपून ठेवला आणि प्रणालीने हा आकडा कसा काढला ते दाखवा, एवढंच विचारत राहिले. 2003 साली पोस्टाने त्यांचा करार संपवला. गुंतवलेले पैसे गेले, पण खोटी सही नसल्यामुळे त्यांच्यावर खटला भरता आला नाही. मे 2009 मध्ये कॉम्प्युटर वीकली या व्यवसायपत्राने सात पोस्टमास्तरांच्या कहाण्या छापल्या. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये फेनी कॉम्प्टन नावाच्या खेड्यातल्या सभागृहात ही माणसं पहिल्यांदा एकत्र जमली. आपण एकटे नाही, हे कित्येकांना त्या दिवशी कळलं.

पुढच्या काही वर्षांत पोस्टाने काय केलं ते थोडक्यात सांगतो. खासदारांचा दबाव वाढल्यावर 2012 साली सेकंड साइट नावाच्या हिशेबतपासनीसांना काम दिलं. त्यांना दोष सापडू लागले. जुलै 2013 मध्ये पोस्टाच्याच बाहेरच्या सल्लागारांपैकी बॅरिस्टर सायमन क्लार्क यांनी लेखी बजावलं की फुजित्सूच्या त्या अभियंत्याने आपल्याला माहीत असलेले दोष कोर्टापासून लपवले, तेव्हा जुन्या खटल्यांतल्या आरोपींना हे कळवणं भाग आहे. काही आठवड्यांनी त्यांना दुसरं पत्र लिहावं लागलं. प्रणालीच्या दोषांबद्दल होणाऱ्या साप्ताहिक बैठकीचं टिपण नष्ट करायला सांगितल्याचं त्यांच्या कानावर आलं होतं. पोस्टाने नवे खटले भरणं हळूहळू थांबवलं. मात्र शिक्षा झालेल्यांना तो सल्ला पाहायला मिळायला 2020चा नोव्हेंबर उजाडावा लागला. सेकंड साइटला 2015 साली निरोप देण्यात आला. एखाद्या संस्थेने चूक केली, ती तिला कळली नाही, असं म्हणून सोडून देण्याची मुभा क्लार्क यांच्या पत्रानंतर उरत नाही.

न्यायालयाचं दार शेवटी उघडलं ते दिवाणी बाजूने, तेही खटल्यांत पैसे गुंतवणाऱ्या कंपनीच्या जोरावर. ‘बेट्स आणि इतर विरुद्ध पोस्ट ऑफिस’ या दाव्यात 555 जण होते. न्यायमूर्ती पीटर फ्रेझर यांच्यापुढे तो टप्प्याटप्प्याने चालला. पहिला मोठा निकाल 15 मार्च 2019 रोजी आला, 1,122 परिच्छेदांचा. पोस्टमास्तर आणि पोस्ट यांच्यातला करार हा दीर्घ विश्वासाच्या नात्याचा करार आहे, त्यात दोन्ही बाजूंनी सचोटीने वागण्याचं बंधन अनुस्यूत आहे आणि यंत्राने दाखवलेली प्रत्येक तूट डोळे मिटून पोस्टमास्तराच्या माथी मारण्याचा हक्क पोस्टाला नाही, असं त्यांनी ठरवलं. वरवर पाहता करारातल्या शब्दांचा अर्थ लावणारा हा रुक्ष निकाल आहे. माझ्या मते सगळ्या प्रकरणाची गाठ इथेच सुटली. तूट खरी आहे हे आधी पोस्टाने दाखवायचं, मग ती कोणाच्या चुकीने झाली ते पाहायचं, असं सांगून उलटा फिरलेला भार त्याने पुन्हा सरळ केला.

पोस्टाने यावर जे पाऊल उचललं ते कोणी अपेक्षिलं नव्हतं. दुसऱ्या टप्प्याची सुनावणी ऐन भरात असताना न्यायाधीश पूर्वग्रहदूषित आहेत, त्यांनी बाजूला व्हावं, असा अर्ज केला. फ्रेझर यांनी तो फेटाळला. लॉर्ड जस्टिस कूलसन यांनी अपिलाची परवानगीही नाकारली आणि त्या अर्जात मुळातच काही तथ्य नव्हतं असं सुनावलं. सार्वजनिक मालकीच्या संस्थेने, जनतेच्या पैशातून, न्यायाधीश बदलण्यासाठी एवढी धडपड करावी हे ब्रिटिश न्यायालयांच्या इतिहासात क्वचितच घडलं असेल.

दुसरा टप्पा खुद्द यंत्राबद्दलचा होता. फुजित्सूकडे ज्ञात दोषांची एक नोंदवही होती, नोन एरर लॉग. कुठल्या शाखेत काय बिघडलं, कोणी तात्पुरतं काय केलं, हे त्यात वर्षानुवर्षं लिहिलं जात होतं. अशी काही कामाची वही आहे हेच पोस्टाच्या बाजूने सुरुवातीला मान्य होत नव्हतं. मग ती आमची नाही, फुजित्सूची आहे, असं म्हटलं गेलं. अखेरीस ती तज्ज्ञांपुढे आली. दूर बसून फुजित्सूचे लोक शाखेच्या नोंदींत फेरफार करू शकत नाहीत असं पोस्ट वर्षानुवर्षं छातीठोकपणे सांगत होतं. ते करता येत होतं आणि केलंही जात होतं, हे कंपनीचे माजी कर्मचारी रिचर्ड रोल यांच्या साक्षीने सिद्ध झालं. 16 डिसेंबर 2019च्या निकालात फ्रेझर यांनी होरायझनची पहिली आवृत्ती मजबूतपणाच्या जवळपासही नव्हती असं म्हटलं. पृथ्वी सपाट आहे असा हेका धरण्याचं एकविसाव्या शतकातलं रूप, अशी त्यांनी पोस्टाच्या भूमिकेची संभावना केली. फुजित्सूच्या साक्षीदारांची कागदपत्रं त्यांनी सरकारी अभियोग संचालकांकडे पाठवली.

पाच दिवस आधी दोन्ही पक्षांत तडजोड झाली होती. 5 कोटी 77 लाख 50 हजार पाउंड. त्यातले सुमारे 4 कोटी 60 लाख वकील आणि गुंतवणूकदारांकडे गेले. ज्यांचं घर, अब्रू, तब्येत गेली त्यांच्या हाती सरासरी वीसेक हजार पडले. दावा जिंकलेल्यांनाच सर्वांत कमी मिळालं, ही जखम पुढची कित्येक वर्षं चिघळत राहिली.

फ्रेझर यांच्या निकालानंतर फौजदारी प्रकरणं पुन्हा उघडणं अटळ होतं. 23 एप्रिल 2021 रोजी अपील कोर्टाने हॅमिल्टन खटल्यात 42 पैकी 39 जणांच्या शिक्षा रद्द केल्या. सीमा मिश्रा त्यांत होत्या. इथे एक बारकावा आहे आणि तो महत्त्वाचा आहे. या लोकांना निष्पक्ष खटला मिळू शकला नाही, एवढं पोस्टाने मान्य केलं होतं. पण असे खटले भरणं हाच मुळी न्यायाच्या सार्वजनिक जाणिवेचा अपमान होता, हा दुसरा आणि जास्त गंभीर ठपका त्याने फक्त चार जणांच्या बाबतीत पत्करला. कोर्टाने तो सगळ्या 39 जणांच्या बाबतीत ठेवला. दोष आहेत हे पोस्टाला ठाऊक होतं, ते शोधण्याची आणि सांगण्याची जबाबदारी त्याची होती आणि ती झटकून त्याने माणसांना चिरडलं, असा त्या निकालाचा अर्थ.

तरीही 2024 उजाडलं तेव्हा रद्द झालेल्या शिक्षांनी शंभरीही गाठली नव्हती. उरलेले लोक पुढेच येत नव्हते. काही वारले होते, काहींची कागदपत्रं नष्ट झाली होती आणि अनेकांना पुन्हा कोर्टाची पायरी चढायचीच नव्हती. त्या जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात आयटीव्हीवर बेट्स यांच्या लढ्यावरची चार भागांची मालिका लागली. वीस वर्षं बातम्या छापून, निकाल लागून, चौकशी चालू असून जे झालं नाही ते त्या चार रात्रींनी केलं. 10 जानेवारीला पंतप्रधान सुनाक यांनी कायदा करून सगळ्या शिक्षा एकरकमी रद्द करण्याची घोषणा केली.

हे पाऊल साधं नाही. न्यायालयाने दिलेली शिक्षा पार्लमेंटने पुसायची, तीही एकेकाचा पुरावा न पाहता, असं याआधी ब्रिटनमध्ये झालं नव्हतं. न्यायालयांचे निकाल न्यायालयांनीच फिरवावेत, नाहीतर कायद्याच्या राज्याला अर्थ राहत नाही, अशी चिंता इंग्लंडच्या मुख्य न्यायाधीश स्यू कार यांनी संसदीय समितीपुढे मांडली. त्यांची चिंता मला पटते. तरी न्यायालयांनी वाट पाहायला लावून ज्यांना स्मशानापर्यंत पोचवलं त्यांना आणखी किती थांबवायचं, या प्रश्नाला त्यांच्याकडे उत्तर नव्हतं. निवडणुकीसाठी पार्लमेंट उठण्याच्या धांदलीत, 24 मे 2024 रोजी, कायद्यावर राजाची संमती आली. सप्टेंबर 1996 ते डिसेंबर 2018 या काळातल्या, पोस्टाने किंवा सरकारी अभियोक्त्यांनी भरलेल्या खटल्यांतल्या शिक्षा इंग्लंड, वेल्स आणि उत्तर आयर्लंडमध्ये रद्द झाल्या. स्कॉटलंडने आपला वेगळा कायदा केला. न्यायालयांचा मान राखण्यासाठी एक अपवाद ठेवला गेला. अपील कोर्टाने ज्यांचं प्रकरण तपासून आधीच नाकारलं होतं ते या कायद्यात आले नाहीत. म्हणजे जे धीर करून आधी कोर्टात गेले आणि हरले, त्यांच्यापेक्षा घरी बसलेले नशीबवान ठरले.

सर विन विल्यम्स यांच्या चौकशी समितीच्या अहवालाचा पहिला खंड 8 जुलै 2025 रोजी आला. या प्रकरणामुळे निदान 13 माणसांनी जीव दिला असावा, असं त्यात नोंदवलं आहे. होरायझनच्या आधीच्या, नव्वदच्या दशकातल्या कॅप्चर नावाच्या प्रणालीनेही खोट्या तुटी दाखवल्या असाव्यात, हे आता पुढे आलं आहे.

आणि यंत्र ठीकच होतं असं धरून चालण्याचं ते गृहीतक? आधी आपल्याकडचं पाहू. इंग्लंडने 69वं कलम काढलं त्याच वर्षी, 17 ऑक्टोबर 2000 रोजी, भारतात माहिती तंत्रज्ञान कायदा लागू झाला आणि आपल्या पुरावा कायद्यात 65-ब हे कलम आलं. त्याचा साचा इंग्लंडच्याच 1968च्या दिवाणी पुरावा कायद्यातून उचललेला होता. तिथे तो 1995 सालीच मोडीत निघाला होता. संगणकाच्या कागदासोबत यंत्र नीट चालत असल्याचं प्रमाणपत्र हवं, ही अट आपण राखली. ती किती सक्तीची, हा वाद मिटला तो महाराष्ट्रातल्या एका प्रकरणात. 2014च्या विधानसभा निवडणुकीत जालन्यातून अर्जुन खोतकर 296 मतांनी निवडून आले. कैलास गोरंट्याल यांनी ती निवड कोर्टात नेली. उमेदवारी अर्ज मुदतीनंतर घेतले का, हे ठरवायला निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीतलं व्हिडिओ चित्रीकरण हवं होतं आणि वारंवार मागूनही अधिकारी प्रमाणपत्र देत नव्हते. 14 जुलै 2020 रोजी सुप्रीम कोर्टाने प्रमाणपत्र अनिवार्य ठरवलं. ज्याच्या ताब्यात यंत्र आहे तो ते देत नसेल तर न्यायालयाने मागवून घ्यावं, हेही सांगितलं. ही दुसरी गोष्ट मला जास्त मोलाची वाटते. नव्या भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63व्या कलमात आता तज्ज्ञाच्या सहीचा भागही जोडला आहे. आपल्याकडे ही प्रमाणपत्रं छापील नमुन्यावर डोळे झाकून सही करून दिली जातात, हे कोर्टात वावरणाऱ्या कोणालाही माहीत आहे. तशी सही ब्रिटनच्या पोस्टाच्या एखाद्या अधिकाऱ्यानेही निर्धास्तपणे केली असती.

ब्रिटनच्या न्याय मंत्रालयाने जानेवारी 2025 मध्ये संगणकाच्या पुराव्याबद्दलच्या गृहीतकावर लोकांची मतं मागवली. मुदत एप्रिलपर्यंत होती. मोबाइलवरचे संदेश, छायाचित्रं, श्वास तपासणारी यंत्रं यांसारख्या रोजच्या गोष्टी नव्या नियमातून वगळाव्यात असा मंत्रालयाचा कल त्या कागदात दिसतो आणि तो समजण्यासारखा आहे, नाहीतर 1990च्या दशकातला कोंडमारा पुन्हा सुरू होईल. काही वकील आणि संगणकशास्त्रज्ञांनी मंत्रालयाला 2020 सालीच एक सोपी वाट सुचवली होती. यंत्र निर्दोष असल्याचं कोणी सिद्ध करू नये, ते शक्यही नाही. जो यंत्राचा आकडा घेऊन कोर्टात येतो त्याने त्या यंत्राच्या ज्ञात दोषांची यादी आणि दुरुस्तीच्या नोंदी आकड्यासोबतच आणून ठेवाव्यात, मग त्यावर विश्वास किती ठेवायचा ते न्यायाधीशाने ठरवावं. गिल्फर्डला ज्यूरी बसली होती तेव्हा अशी एक वही फुजित्सूकडे होती आणि ज्यूरीच्या बाकावर ती पोचली नव्हती.